स्फटिकांचे निर्माल्य

वाईला कृष्णेच्या काठापासून थोड्या उंचवट्यावर एक बैठी, पांढरी इमारत आहे. तिच्या पाटीवर 'प्रथिन-स्फटिक सेवा केंद्र' असे भारदस्त नाव कोरलेले होते. परंतु गावाने तिला पहिल्याच वर्षी स्फटिकशाळा म्हटले, आणि पुढे पाटीवरचे नाव टपालवाल्याखेरीज कोणी वाचले नाही. या शाळेच्या प्रमुख डॉ. हेमांगी राजोपाध्ये. साठी केव्हाच ओलांडलेली, अंगाने कृश, बोलणे मोजके. आणि हाताला, लोक म्हणत, काही वेगळाच गुण. जे प्रथिन देशात कोठेच स्फटिकरूप धरीत नसे, ते बाईंच्या हाताखाली धरी. बाई स्वतः या बोलण्यावर हसत. मात्र ते बोलणे त्यांनी कधी थांबविलेही नव्हते.

प्रथिनाचा स्फटिक करावयाचा कशासाठी, हे येथे सांगितले पाहिजे. देहातील बहुतेक कामे प्रथिनेच उरकतात. प्रत्येक प्रथिनाची स्वतःची अशी घडी असते, त्या घडीत एक खोबण असते, आणि औषध लागू पडते ते त्या खोबणीत नेमके बसले तरच. ही खोबण डोळ्यांना दिसत नाही, आणि एकट्या रेणूकडून येणारे उत्तर क्ष-किरणांनाही ऐकू येत नाही. नदीच्या एका तीरावर एकच बटू पाठ म्हणू लागला, तर पैलतीरी काही पोचत नाही. परंतु सहस्र बटू एका स्वरात, एका मात्रेत म्हणू लागले, तर पैलतीरावरचा मनुष्य शब्दन्‌शब्द टिपून घेऊ शकतो. स्फटिक म्हणजे असे एकस्वर पठण. त्यात कोट्यवधी रेणू एकाच दिशेस तोंड करून ओळीने उभे असतात. क्ष-किरण त्यांच्यावर पडून विखुरतात, आणि त्या विखुरण्यावरून रेणूचा नकाशा रेखता येतो.

एकविसाव्या शतकाच्या या पाचव्या दशकात प्रथिनाच्या घडीचे अनुमान संगणक चुटकीसरशी करीत, आणि आता स्फटिकांची विद्या लोपणार असे पुष्कळांनी म्हणूनही ठेवले होते. पण अनुमान ते अनुमान. एखाद्या रुग्णाच्या प्रथिनात जन्मतःच एखादा दुवा बदललेला असला, तर तेवढ्याने खोबणीचा उंबरठा किती सरकला आणि औषध आत शिरेल की दारातच अडेल, हे संगणकाला छातीठोकपणे सांगता येत नसे. तेथे प्रत्यक्ष पाहणे आलेच.

आणि हे पाहणे घरोघर पोचले ते वज्रलेपामुळे. हेमांगीबाईंच्या तरुणपणी प्रथिनाचा स्फटिक म्हणजे निव्वळ दवबिंदू. जरा ऊन लागले की सुकला, जरा पाणी लागले की विरला. मग एक असे द्रावण सापडले की त्यात बुडवून काढलेल्या स्फटिकातील रेणू एकमेकांचे हात धरून ठेवीत, आणि तो उघड्या हवेतही वर्षानुवर्षे अभंग राही. देवळातील झिजत्या मूर्तींना वज्रलेप करतात, त्यावरून वाईच्या लोकांनी या क्रियेला तेच नाव दिले आणि ते रूढ झाले. पूर्वी ज्या कामासाठी क्रीडांगणाएवढी यंत्रे लागत, ते आता कपाटाएवढ्या क्ष-किरण पेटीत होई. रक्त तपासावयास द्यावे, तसे लोक आपले प्रथिन पाहावयास देऊ लागले.

रुग्णाचे काम झाले की एक प्रश्न उरे. उरलेला स्फटिक टाकावयाचा कोठे? इतर ठिकाणी तो भट्टीत जाई. हेमांगीबाईंना ते रुचेना. ज्याने कुणाच्या तरी लेकराला औषध मिळवून दिले, तो केरात कसा लोटावा? देवाची उतरलेली फुले आपण पायदळी तुडवीत नाही. मग हे तरी निर्माल्यच की. म्हणून एप्रन अडकविण्याच्या खोलीत, जेथे गणपतीची लहानशी तसबीर होती आणि खंडेनवमीला सूक्ष्मदर्शकांपासून क्ष-किरण पेटीपर्यंत साऱ्यांवर झेंडूची फुले चढत, तेथल्या कोनाड्यात त्यांनी काचेचा एक वाडगा ठेविला होता. संध्याकाळी निघताना त्या दिवसभराचे लेपित स्फटिक स्वतःच्या हाताने त्यात वाहत, आणि वर्षअखेरीस तो वाडगा बागेतल्या मातीत रिता होई. शाळेतल्या साऱ्यांना ही रीत सवयीची झाली होती. कोणाला त्यात वावगे वाटले नाही. उलट बाहेरून आलेले पाहुणे त्या कोनाड्यापुढे आपसूक हात जोडीत.

बाईंच्या हाताखाली अनेकजण शिकून गेले, पण जीव जडला तो सुनयना मडावीवर. आरमोरीची ही मुलगी वाईला आली तेव्हा पहिल्याच महिन्यात तिने स्फटिकासाठी ठेवलेल्या प्रथिन-द्रावणाच्या थेंबात चमचमता स्फटिक पाहून सगळ्यांना पेढे वाटले होते. बाईंनी मुकाट्याने पेढा खाल्ला, मग सुई तिच्या हाती देऊन तो स्फटिक दाबावयास सांगितले. तो कटकन मोडला. प्रथिनाचा स्फटिक मऊ, दाबताच भुगा होणारा. कटकन मोडते ते मीठ. "पेढे मात्र चांगले होते," एवढेच बाई बोलल्या, आणि सुनयना त्या दिवसापासून त्यांची झाली. स्वच्छतेचे धडे तिने इतके मनावर घेतले की पुढे बाईच तिला सोवळ्यातली म्हणून चिडवू लागल्या.

गोंदियाला शाखा काढावयाची ठरली तेव्हा प्रमुख म्हणून सुनयनाचेच नाव पुढे आले. शाखेचे कारण असे की त्या बाजूच्या काही कुटुंबांत स्नायूंचा एक विकार आढळला होता. स्नायूंना इंधन पोचविणारे एक प्रथिन त्या मुलांत सदोष असे. मूल चार पावले चालले की दमून खाली बसे. त्यावर तीन औषधे निघाली होती, पण कोणत्या मुलाला कोणते बसेल हे ज्याच्या-त्याच्या प्रथिनाचा स्फटिक पाहूनच कळे. हे प्रथिन रुग्णाच्याच पेशी वाढवून त्यांतून गाळून घ्यावे लागे, आणि प्रवासात ते दुधासारखे नासे. म्हणजे एक तर शाखा गोंदियाला हवी, नाही तर न चालणारी मुले घेऊन आईबापांनी महाराष्ट्र आडवा ओलांडून वाईला यावे.

शाखा उघडली, आणि बाकीची सारी प्रथिने सुनयनाच्या हाताला सुरळीत वळू, म्हणजे स्फटिक धरू, लागली. हे एकच वळेना. थेंब तसेच काचेसारखे निवळ राहत, किंवा त्यांत नुसता साका बसे. वाईला तेच प्रथिन, त्याच कृतीने, केव्हाच वळले होते. गोंदियाच्या उन्हाला दोष दिला, यंत्रे बदलली. सहा महिने गेले. संचालक मंडळाचे अध्यक्ष निंबाळकर यांनी शेवटी कळविले की हा विकार असलेल्यांनी यापुढे वाईलाच यावे आणि गोंदियाची शाखा आटोपती घ्यावी.

सुनयनाने बाईंना फोन केला तो हे सांगण्यासाठी नव्हे, कारण बाईंना ते ठाऊकच होते. तिने एकदा येऊन जाण्याची विनंती केली. आवाज कोरडा होता.

"बाई, कृती तुमचीच, यंत्रंही तीच. फक्त हात माझे आहेत. आता म्हणाल तर कृष्णेचं पाणी आणून पाहू का?"

"पाणी आपण ऊर्ध्वपातित वापरतो, सुनयना. त्याला नदी नसते."

"ते मला ठाऊक आहे जी. तुम्हाला हसू येतंय का, तेवढं पाहत होते."

घरी श्रीनिवासराव, म्हणजे बाईंचे यजमान, पाठशाळेतून निवृत्त झाल्यापासून पत्नीच्या निवृत्तीची वाट पाहत होते. दोघांनी मिळून संध्याकाळी एखादा ग्रंथ वाचावा, एवढाच त्यांचा लोभ होता. गोंदियाचे ऐकून ते म्हणाले की तिच्या हाताचा गुण त्यांना लग्नापासून माहीत आहे. तिने घातलेले लोणचे कधी बुरसले नाही, पण तिच्या हातच्या पुऱ्या मात्र कधी फुगल्याही नाहीत. बाईंनी हसत पिशवी भरली, आणि सवयीने आपला स्वतःचा एप्रन घडी करून वर ठेविला.

गोंदियाला शाखेची मंडळी वाट पाहत होती. बाईंनी प्रयोगशाळा फिरून पाहिली आणि मनोमन शिष्येचे कौतुक केले. असे निर्मळ ठिकाण त्यांनी क्वचितच पाहिले होते. आत शिरताना हवा गाळणारे झोत, रोज बदललेले एप्रन, फरशीवर धुळीचा कण नाही. त्या कामाला बसल्या. एकाच ताटलीच्या अर्ध्या खळग्यांत त्यांनी थेंब घातले, अर्ध्यांत सुनयनाने. दोन दिवसांत बाईंच्या थेंबांत बारीक, कंगोरेदार स्फटिक उभे राहिले. सुनयनाचे थेंब निवळ होते.

शाखेत आनंद झाला. तिघा मुलांची औषधे त्या आठवड्यात ठरली. एका सहायकाने बाईंच्या हातांचे छायाचित्र काढले, दुसऱ्याने हात कपाळाला लाविले. निंबाळकरांचा फोन आला; ते म्हणाले की बाईंच्या हातगुणावर एक चित्रफीत करावयाची आहे आणि त्यांच्या कार्यकाळाला मुदतवाढ द्यावयाची आहे, कारण हे हात आहेत तोवर शाळेला काळजी नाही. बाईंना सुख वाटले. ते नाकारण्यात अर्थ नाही. माणसाला असे सुख वाटतेच.

सुनयना मात्र या सगळ्यात चहाचे पेले उचलीत राहिली.

निघण्याच्या आदल्या दिवशी आणखी एक नमुना तयार झाला. लावण्या बिसेन, सात वर्षांची. तिची आई रेखाताई सकाळपासून बाकावर बसून होती. वाईला जावे लागेल का, एवढेच तिने दोनदा विचारले. तिचे शेत, म्हातारी सासू, आणि कडेवर न मावणारी मुलगी. बाईंनी तिला बसावयास सांगितले आणि आत गेल्या. तेवढ्यात कोणाचा तरी धक्का लागून प्रथिने रंगविण्याचा निळा रंग त्यांच्या एप्रनवर सांडला. तो काढून ठेवून त्यांनी शाखेतला एक धुतलेला एप्रन चढविला आणि लावण्याचे थेंब घातले.

ते थेंब निवळच राहिले. बाईंनी थांबण्याची मुदत वाढविली, तरी निवळच. मंडळींनी म्हटले, मुलीला वाईलाच न्यावे. बाईंच्या जागेवर होईल. रेखाताईने मान हलविली आणि पदर सावरून उठली. निरोप देताना सुनयना स्टेशनपर्यंत आली. गाडी सुटावयाच्या वेळी तिने सांगितले की शाखा बंद झाल्यावर ती दुसरे काही पाहणार आहे. बहुधा शाळेत शिकवील.

"ही विद्या माझ्या हाताला नाही, बाई. तुम्ही दिलीत, मला घेता आली नाही."

गाडी सुटली.

महाराष्ट्र या टोकापासून त्या टोकापर्यंत ओलांडताना विचाराला वेळ पुष्कळ मिळतो. हेमांगीबाईंच्या मनात एक काटा रुतून बसला होता, आणि तो सुनयनाच्या शब्दांचा नव्हता. हाताला गुण असेल, तर तो लावण्याच्या थेंबांच्या वेळी कोठे गेला? हात तेच होते. प्रथिन त्याच जातीचे. बदलले होते काय? त्यांनी पहिल्या दिवसापासून एकेक गोष्ट उजळून पाहिली, आणि पुन्हा पुन्हा मन एकाच जागी येऊन थबकले. अंगावरचे वस्त्र बदलले होते.

शास्त्रज्ञाला असा विचार सुचल्यावर तो झटकता येत नाही. वाईला पोचल्यावर स्नान आटोपून त्या थेट शाळेत गेल्या आणि निळे डाग पडलेल्या एप्रनची बाही त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली धरिली. सुताच्या धाग्याधाग्यांत कण लुकलुकत होते. कंगोरे मोडलेले, अणकुचीदार, पण न विरलेले. त्यांनी सुईने एक दाबला. वज्रलेपाचा होता, मोडला नाही, केवळ सरकला.

मग त्या एप्रनच्या खोलीत गेल्या आणि कोनाड्यातल्या वाडग्यापुढे उभ्या राहिल्या. वर्षानुवर्षे संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने ते स्फटिक त्यात वाहिले होते. त्यांचे सुकणे, एकमेकांवर घासणे, त्यांची धूळ होणे, आणि ती धूळ खालच्या खुंट्यांवरच्या एप्रनांवर आणि सर्वांत अधिक त्यांच्याच बाह्यांवर उतरणे, यात न समजण्यासारखे काही नव्हते. दूध आपोआप विरजत नाही. त्याला विरजण लागते. प्रथिनाचेही तसेच. पहिले चार रेणू कसे उभे राहावे हे कळावयास काळ लागतो, पण एखादा घडलेला कण थेंबात पडला की बाकीचे त्याच्याकडे पाहून ओळ धरितात. यालाच बीज घालणे म्हणतात, आणि ही गोष्ट या विद्येतील प्रत्येकाला ठाऊक असते. मग सुनयनाने बीज का घातले नाही? कारण नियम होता: एका रुग्णाचा कण दुसऱ्याच्या थेंबात पडता कामा नये. आणि तो नियम घालून देणाऱ्या डॉ. हेमांगी राजोपाध्येच होत्या.

नियम सुनयनाने अक्षरशः पाळला. बाईंनी तो रोज संध्याकाळी, हात जोडून, मोडला होता.

बाईंना प्रथम भय वाटले ते आजवरच्या नकाशांचे. दुसऱ्याच्या कणाने सुरू झालेला स्फटिक खोटा ठरला तर? त्यांनी दार लावून घेऊन जुने नकाशे एकेक उघडले. बीज असते लक्षांश. त्यावर वाढते ते रुग्णाचे स्वतःचे प्रथिन. ज्याच्या-त्याच्या प्रथिनातला बदललेला दुवा ज्याच्या-त्याच्या नकाशात स्पष्ट दिसत होता. एकही औषध चुकलेले नव्हते. बाईंनी शेवटचा नकाशा मिटला.

राहिली ती कीर्ती. ती तेवढी धुळीची होती.

घरी त्यांनी श्रीनिवासरावांना सारे सांगितले. ऐकून त्यांनी विचारले की हे आणखी कोणाला कळण्यासारखे आहे काय. बाई म्हणाल्या, नाही. वाडगा गुपचूप हलविला, बाह्या धुतल्या, तर वाईचेही स्फटिक थांबतील आणि लोक म्हणतील बाईंचा हात आता थकला. किंवा वाडगा तसाच ठेवावा, आणि हातगुण तसाच चालावा.

"आणि ती मुलगी?" श्रीनिवासराव म्हणाले.

"ती शाळेत शिकवील म्हणते."

"काय शिकवील? आपल्याला काही येत नाही, हेच ना? अगं, तुझ्या हाताला गुण नाही हे मला आज कळलं असं नाही. पुऱ्या मीच खाल्ल्या आहेत."

बाई हसल्या. त्यांनी तेथूनच सुनयनाला फोन लावला. काही सजविले नाही, काही झाकले नाही. वाडगा, बाही, धूळ, नियम. जसे घडले तसे सांगितले.

"म्हणजे बाई," सुनयनाचा आवाज आला, "सहा महिने मी स्वतःला कपाळकरंटी म्हणत होते, ते माझी खोली फार स्वच्छ होती म्हणून?"

"हो."

"आणि स्वच्छ ठेवायला मला तुम्ही शिकवलंत."

"हो. मी सांगितलं ते तू केलंस. मी सांगितलं ते मी केलं नाही."

"मला तुमचा राग यायला पाहिजे जी." मग पलीकडून हसण्याचा आवाज आला. आधी दाबलेला, मग मोकळा. "आईनं फुलं गटारात टाकली नाहीत कधी, आणि तुम्ही स्फटिक. वाटलंच नाही मला ते कधी चुकीचं. रोज त्या वाडग्याला मीही हात जोडलेत की."

तिचा राग पुरता गेला असे नव्हे. तो पुढे कित्येक दिवस एखाद्या टोमण्यातून डोकावत राहिला, आणि बाईंनी तो रास्त मानला.

मंडळाच्या बैठकीत हे सांगणे अधिक अवघड गेले. निंबाळकर सज्जन गृहस्थ होते, पण चित्रफितीचे काम सुरू झाले होते. बाईंचे बोलणे संपल्यावर त्यांनी सौम्यपणे सुचविले की नकाशे जर बरोबर आहेत आणि कोणाचे अहित झालेले नाही, तर बीज घालण्याची मुभा नव्या नियमाने द्यावी. त्या वाडग्याची कथा बाहेर सांगितलीच पाहिजे असे नाही. लोकांची श्रद्धा ही सुद्धा संस्थेची एक शक्ती असते.

"श्रद्धा माझ्या हातावर बसली, म्हणून गोंदियाची शाखा बंद होते आहे," बाई म्हणाल्या. "मी उद्या पडले की वाईची होईल. हातावर बसलेली विद्या एका पिढीची असते, निंबाळकर साहेब."

कथा बाहेर सांगावयाची ठरली. वृत्तपत्रांनी ती छापली. काही ठिकाणी बाईंची थट्टा झाली, एका समव्यावसायिकाने स्फटिकशाळेत धूळ कशी येते यावर कडक लेख लिहिला, आणि बाईंनी तो भिंतीवर लाविला, कारण त्यातले सगळे खरे होते. नियम बदलला. लेपित स्फटिकांचे बीज पारखून, कोणत्या रुग्णाचे हे नीट नोंदवून, आणि त्या-त्या कुटुंबाची संमती घेऊन, मापून शाखांना देण्याची पद्धत सुरू झाली. संमती मागितलेल्यांपैकी एकाही घराने नकार दिला नाही. आपल्या मुलाचा कण दुसऱ्याच्या मुलाला उपयोगी पडतो हे ऐकून एका आजोबांनी तर केंद्रात येऊन तो कण भिंगातून पाहून घेतला आणि बराच वेळ पाहत उभे राहिले.

गोंदियाची शाखा ठेवावी की नाही, हे मात्र मंडळाने एका गोष्टीवर सोपविले. ते प्रथिन तेथे, तेथल्या हाताने वळले पाहिजे. पहिला नमुना लावण्या बिसेनचा.

बीजाची मोहोरबंद कुपी घेऊन हेमांगीबाई स्वतः गेल्या. पाठविता आली असती. पण त्यांना जावेसे वाटले. दारात सुनयना आडवी उभी होती.

"कुपी द्या, बाई. आणि तुम्ही बाहेर बसा."

"मी दोनदा स्नान केलंय. नवी साडी आहे."

"असू दे. तुम्ही आत आलात आणि वळलं, तर उद्या हे लोक म्हणतील बाईंची सावली पडली." तिने कुपी घेतली. "मलाही तसंच वाटेल."

दार लागले. बाई बाकावर बसल्या. तेथे रेखाताई होती, आणि तिला टेकून, पाय वर घेऊन, लावण्या. मुलीच्या हाती हिरव्या चिंचा होत्या. तिने बाईंना निरखून पाहिले आणि एक चिंच पुढे केली. आई तिला दटावू लागली, तोवर बाईंनी ती घेतली होती.

दुपार चढली. आत काय चालले असेल याची प्रत्येक पायरी बाईंना पाठ होती: आता बीज ढवळले असेल, आता थेंब घातले असतील, आता झाकण. मापून घातलेल्या बीजाने दोन दिवसांचे काम काही तासांवर येते, हेही त्यांना ठाऊक होते. त्यांचे बोट मांडीवर नकळत हलत होते. रेखाताईने विचारले की त्या मोठ्या डॉक्टर ना, मग आत का नाही. लावण्याला हा प्रश्न फार आवडला.

"तुम्हाला आत का नाही घेतलं जी? काही केलं होतं का तुम्ही?"

"केलं होतं," बाई म्हणाल्या. "अंगाला धूळ लावून घेतली होती."

"मग आंघोळ करायची ना."

"केली गं. पण त्यांचा विश्वास नाही."

लावण्याने गंभीरपणे मान हलविली. तिच्या शाळेतही असेच करतात, असे तिचे म्हणणे पडले.

ऊन कलू लागले तसे आतून पावलांचे आवाज वाढले. एकदा कोणी पळत गेले. क्ष-किरण पेटी सुरू झाल्याचा सूक्ष्म गुंजारव भिंतीतून ऐकू आला, आणि बाईंचे हलणारे बोट थांबले. कारण पेटी सुरू करण्यासारखे काही हाती आल्याखेरीज सुनयना ती सुरू करणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. पण पेटी लागणे म्हणजे नकाशा मिळणे नव्हे, आणि नकाशा मिळणे म्हणजे औषध बसणे नव्हे. रेखाताई काही न कळता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली. बाईंनी तिचा हात हातात घेतला, आणि दोघी तशाच बसल्या.

दिवे लागण्याच्या सुमारास दार उघडले. सुनयना पुढे, मागे सारी शाखा. तिच्या कपाळावर घाम होता आणि एप्रनची गाठ सुटली होती. ती बाईंच्या समोरून गेली, थांबली नाही, आणि लावण्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"दुसरं औषध," ती रेखाताईला म्हणाली. "तीनातलं दुसरं. अगदी आतपर्यंत बसतंय. वाईला जायचं नाही."

रेखाताई उठली, पुन्हा बसली, मग सुनयनाचे दोन्ही हात धरून ते डोळ्यांना लावू लागली. मंडळी भोवती गोळा झाली. सुनयनाच्या हातांकडे पाहत कोणी तरी बोललेच, की हिच्या हाताला गुण आहे. सुनयनाने तेथल्या तेथे त्याला झापले, आणि सगळे हसले.

हेमांगीबाई बाकावरून उठल्या, आणि त्या सर्वांना बसावयास जागा व्हावी म्हणून भिंतीकडे सरकून उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे त्या वेळी कोणाचेच लक्ष नव्हते. हाती अर्धी उरलेली चिंच होती. ती त्यांनी सावकाश, चवीने संपविली.